जुने पट पुन्हा मांडले जातील काय?

मराठवाड्यातील बैठ्या खेळांची ओळख आणि त्यांच्या पुनरुज्जीवनाच्या शक्यतेचा आढावा

‘चोरट्यांनी पोबारा केला’ हे वाक्य मराठी वाचकाच्या नजरेखालून वरचेवर जात असते. त्यातील ‘पोबारा’ हे मुळात सारीपाटातील एक दान आहे, हे मात्र आता फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. ‘पौ’ म्हणजे एक. तीन फाशांवर दोन षटके आणि एक पौ पडली, की बारा आणि एक असे हे दान होते. हिंदीत त्याला भाग्योदयाचा अर्थ आला, तर मराठीत ते पळून जाण्याचे दुसरे नाव झाले. डाव मांडणे, डाव उलटणे, फासे अनुकूल पडणे, एखाद्याला सोंगटीसारखे फिरवणे असे कितीतरी वाक्प्रचार याच पटावरून भाषेत आले आहेत. पट घरातून गेला तरी भाषेने त्याची निशाणी अशी जपून ठेवली.

घरातून गेलेले असे बैठे खेळ पुन्हा मांडले जातील काय, आणि मांडले गेलेच तर त्यांपैकी कोणते, हा प्रश्न अलीकडे अनेक ठिकाणी विचारला जातो. जालना जिल्हा या प्रश्नाचा विचार करण्यास सोयीचा आहे. १ मे १९८१ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. तोपर्यंत त्याचा बहुतांश भाग ज्या औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात होता, त्याच जिल्ह्यात वेरूळची लेणी आहेत. तेथील चौदा, एकवीस आणि एकोणतीस या क्रमांकांच्या लेण्यांत शिव आणि पार्वती द्यूत खेळत बसल्याचे शिल्प आहे. दक्षिणेस गोदावरी हीच जिल्ह्याची सीमा असून नदीकाठाने वर गेले, की ज्ञानदेव-एकनाथांच्या आठवणी सांगणारे पैठण लागते. उत्तरेस असईचे रणक्षेत्र आहे. देव, संत आणि सैन्य या तिन्हींशी जोडलेले पट या एका मुलखाच्या आसपास सापडतात.

परदेशातील एक दाखला

जुन्या खेळांच्या पुनरागमनाचा सर्वांत सुस्पष्ट अनुभव अमेरिकेतील भूमिकाखेळांच्या व्यवसायात मिळतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी सिद्ध केला. टेबलाभोवती बसलेल्या मंडळींपैकी एक जण सूत्रधार होतो, इतर प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो आणि फाशांच्या साहाय्याने एक कथा घडत जाते, असे त्याचे स्वरूप आहे. कथा घडण्यासाठी एक कल्पित जग लागते. पुढील वीस-पंचवीस वर्षांत ‘ग्रेहॉक’, ‘ड्रॅगनलान्स’, ‘रेवनलॉफ्ट’, ‘स्पेलजॅमर’, ‘डार्क सन’, ‘प्लेनस्केप’ अशी अनेक जगे प्रसिद्ध झाली. मूळ कंपनी १९९७ मध्ये ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली आणि यांपैकी बहुतेक जगे कपाटात गेली.

ती पुढे एकेक करून परतली. ‘रेवनलॉफ्ट’वर आधारित नवे पुस्तक २०१६ मध्ये आले, २०२२ मध्ये ‘स्पेलजॅमर’ आणि ‘ड्रॅगनलान्स’, तर २०२३ मध्ये ‘प्लेनस्केप’ आले. वाळवंटी जगाचे ‘डार्क सन’ २०१० मध्ये एकदा परतले होते. नंतरच्या लाटेत मात्र २०२३ अखेरपर्यंत त्याची पाळी आली नाही. त्यातील गुलामगिरीचे चित्रण हा दरम्यानच्या काळात वादाचा विषय झाला होता.

या इतिहासातून दोन गोष्टी हाती लागतात. जी जगे परतली, त्यांचे खेळाडू मधल्या काळातही जुनी पुस्तके घेऊन खेळत राहिले होते. शिवाय परतणाऱ्या जगाला नव्या काळाच्या अभिरुचीशी आणि विवेकाशी काही तडजोड करावी लागली. आपल्याकडील जुन्या पटांमध्येही एकेक जग सामावलेले आहे. मोक्षपटात पाप-पुण्याचे जग आहे, गंजिफात दशावतारांचे आहे, सारीपाटात दरबाराचे आहे आणि वाघ-शेळीत रानाचे. त्यामुळे हाच विचार त्यांना लावून पाहता येतो.

पुनरुज्जीवनाच्या कसोट्या

जालना हे बियाण्यांचे शहर म्हणून देशभर ओळखले जाते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे ‘महिको’ची स्थापना केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. येथील शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही, की बियाणे बरणीत कितीही जपून ठेवले तरी त्याची उगवणशक्ती वर्षागणिक घटते. ती टिकवायची तर बी पेरावे लागते. खेळाच्या नियमांचेही असेच आहे. वस्तुसंग्रहालयातील पट शतकानुशतके टिकतो. त्यावर कसे खेळावे हे सांगणारी माणसे गेली, की तो केवळ नक्षीचा तुकडा उरतो.

यावरून चार कसोट्या ठरवता येतात. पहिली, नियम कोणाच्या तरी हाती जिवंत आहेत काय? दुसरी, साहित्य स्वस्तात आणि घरच्या घरी तयार होते काय? तिसरी, खेळाला लागणारी मंडळी आणि वेळ आजच्या घरात मिळतो काय? चौथी, खेळातील जग आजच्या माणसाला आपलेसे वाटू शकते काय? पुढील सहा पट या कसोट्यांवर तपासून पाहू.

चौकाबारा किंवा चल्लस आठ

पाच उभी आणि पाच आडवी अशी पंचवीस घरे, चार खेळाडू, प्रत्येकाच्या चार सोंगट्या आणि चार कवड्या एवढ्यावर हा खेळ चालतो. कवड्या नसल्या तर चिंचोके मधोमध फोडून घेतात. एक बाजू पांढरी, दुसरी काळपट. त्यामुळे उपडे-उताणे सहज कळते. जितक्या कवड्या उताण्या तितके दान, आणि चारही उपड्या पडल्या तर आठ. चार किंवा आठ पडल्यास पुन्हा खेळावयास मिळते. चारही बाजूंच्या मधल्या घरांवर आणि मध्यघरावर फुली असते. फुलीच्या घरातील सोंगटी मारता येत नाही. सोंगटी आपल्या बाजूच्या फुलीपासून निघून बाहेरची सोळा घरे एका दिशेने फिरते, मग आतील आठ घरे उलट दिशेने फिरून मध्यघरी पोहोचते. प्रतिस्पर्ध्याची निदान एक सोंगटी मारल्याखेरीज आतील फेरीत प्रवेश नाही, असा नियम पुष्कळ ठिकाणी पाळतात.

महाराष्ट्रात चौकाबारा, चल्लस आठ, चंफुल अशी त्याची अनेक नावे आहेत. कर्नाटकात तो कट्टेमने, तर तेलंगण-आंध्रात अष्टाचम्मा म्हणून ओळखला जातो. जालन्यासारख्या, तेलुगू मुलखाशी निजामी राजवटीमुळे दीर्घकाळ जोडल्या गेलेल्या प्रदेशात ही सीमा मुळातच पुसट आहे. साहित्य म्हणावे तर खडूचा तुकडा आणि मूठभर चिंचोके. नियम आजही घरोघरच्या ज्येष्ठ स्त्रियांना येतात. म्हणूनच या खेळाला पुनरुज्जीवनापेक्षा नोंदीची गरज आहे. आतल्या फेरीचा प्रवेश, एका घरातील दोन सोंगट्यांचे संरक्षण, सलग पडलेल्या मोठ्या दानांचा हिशेब या बाबतींत गावागणिक फरक आढळतात. एखादा छापील संच बाजारात आला, की त्यासोबतच्या कागदावरील एकच नियम सर्वत्र रूढ होतो आणि बाकीचे विरून जातात. या खेळाला खरा धोका तोच आहे.

सारीपाट

सारीपाट अर्थात सोंगट्यांचा पट हा चौकाबाऱ्याचा थोरला भाऊ म्हणावा लागेल. अधिकाच्या चिन्हासारखा चार पदरांचा कापडी पट, प्रत्येक पदरावर आठ-आठ घरांच्या तीन रांगा, म्हणजे एकूण शहाण्णव घरे. चार रंगांच्या सोळा सोंगट्या आणि तीन लांबट फासे. फाशांऐवजी कवड्या घेतल्या, की त्यालाच पचीसी म्हणतात. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या क्रीडांचे वर्णन आहे. त्यात फाशांच्या आणि कवड्यांच्या खेळांना स्थान मिळाले आहे. मराठवाडा त्या राज्यात मोडत होता. फतेहपूर सिक्री येथे अकबराच्या वाड्याच्या प्रांगणात फरशीवर कोरलेला पचीसीचा पट आजही पाहावयास मिळतो.

या खेळाचे इंग्रजी रूप ‘लुडो’ या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये विकले जाऊ लागले आणि तेच पुढे आपल्या घरात परत आले. नवी मुंबईतील ‘गेमशन’ या कंपनीने २०१६ मध्ये ‘लुडो किंग’ हे भ्रमणध्वनीवरील रूप आणले. २०२० च्या टाळेबंदीत त्याने घरोघर प्रवेश मिळवला. पटाच्या या आकृतीविषयीचे आकर्षण संपलेले नाही, याचा याहून मोठा पुरावा नको.

मात्र लुडोमध्ये जे गळाले तेच सारीपाटाचे मर्म होते. लुडोत एक फासा असतो आणि प्रत्येक जण स्वतःपुरता खेळतो. सारीपाटात समोरासमोरचे दोघे भिडू असतात आणि जिंकायचे ते दोघांनी मिळून. तीन फाशांवरील आकडे वेगवेगळ्या सोंगट्यांना वाटून देता येतात. एका घरातील दोन सोंगट्यांची जोडी ‘जुग’ म्हणून एकत्र चालवता येते आणि तिला एकट्या सोंगटीने मारता येत नाही. आपल्या सोंगट्या लवकर घरी पोहोचवाव्यात, की भिडूसाठी मागे थांबावे, हा निर्णय पूर्ण डावभर करीत राहावे लागते. फाशांचा खेळ असूनही त्यात बुद्धीला भरपूर वाव आहे.

त्याच्या मार्गातील अडचणी दोन. पहिली वेळेची, कारण एक डाव अर्धा दिवस चालू शकतो. दुसरी लौकिकाची. महाभारतातील द्यूतसभेने या पटावर जो डाग पाडला तो कायमचा. मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानल्या जाणाऱ्या ‘लीळाचरित्रा’तही चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्यातील द्यूताची हकीकत आहे. द्यूतात हरल्यावर पत्नीने दागिने देण्यास नकार दिला आणि त्या घटनेने त्यांना वैराग्याकडे वळवले, असे ती सांगते. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा २०२५ मध्ये संमत झाला, त्यावरून ही चिंता अजून किती ताजी आहे हे दिसते. पैशाविना आणि तासाभरात संपेल अशा आटोपशीर रूपात सारीपाट परतण्यास चांगला वाव आहे. चारऐवजी दोन-दोन सोंगट्यांनी खेळले, तरी भिडू आणि जुग हे त्याचे दोन्ही प्राण शाबूत राहतात.

मोक्षपट

सापशिडी हा मूळचा भारतीय खेळ आहे, हे आता सर्वज्ञात झाले आहे. महाराष्ट्रात त्याचे जनकत्व परंपरेने ज्ञानदेवांकडे जाते. निवृत्ती आणि ज्ञानदेव ही भावंडे भिक्षेला गेली, की धाकट्या सोपान-मुक्ताईचे मन रमावे म्हणून हा पट रचला, अशी आख्यायिका सांगतात. आज उपलब्ध असलेले बहुतेक जुने पट मात्र अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील आहेत आणि ते गुजरात-राजस्थानातील जैन व वैष्णव परंपरांतही आढळतात. जैन पटांत चौऱ्याऐंशी, तर वैष्णव पटांत बहात्तर घरांची मांडणी विशेष प्रचलित होती. डॅनिश अभ्यासक जेकब श्मिट-मॅडसन यांनी या पटांचा सखोल अभ्यास केला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे माजी ग्रंथपाल वा. ल. मंजूळ यांनी मराठी मोक्षपटांच्या शोधात त्यांना साहाय्य केले. ज्येष्ठ संशोधक रा. चिं. ढेरे यांच्या हस्तलिखित संग्रहातून असे पट उजेडात आले.

मोक्षपटाचे घर केवळ आकडा दाखवत नाही, त्याला नाव असते. दया, सत्संग, भक्ती या घरांतून शिडी वर जाते. काम, क्रोध, मत्सर यांच्या घरी सापाचे तोंड असते. शेवटचे घर वैकुंठाचे किंवा मोक्षाचे. १८९० च्या दशकात हा खेळ इंग्लंडमध्ये गेला, तेव्हा तेथील छापखान्यांनी व्हिक्टोरियन सद्गुण-दुर्गुण छापले. पुढे तेही गळाले आणि केवळ एक ते शंभर आकडे उरले. १९४३ मध्ये अमेरिकेत ‘शूट्स अँड लॅडर्स’ या नावाने तो घसरगुंड्या आणि शिड्यांचा खेळ झाला.

चारही कसोट्यांचा विचार करता मोक्षपटाची शक्यता सर्वांत अधिक वाटते. नियम प्रत्येक मुलाला आधीच येतो. साहित्य म्हणजे एक छापील कागद. खेळाला वीस मिनिटे पुरतात. प्रश्न उरतो तो घरांवर काय लिहावे हा. जुन्या पटांतील पाप-पुण्याच्या कल्पना त्या-त्या काळाच्या आणि त्या-त्या पंथाच्या आहेत. त्या जशाच्या तशा छापल्या तर पट केवळ अभ्यासकांचा राहील. त्या पुसून पुन्हा आकडे घातले, तर परत आलेल्या खेळाला मोक्षपट म्हणण्यात अर्थ नाही. गोदाकाठच्या एखाद्या शाळेने मुलांकडूनच घरांची नावे ठरवून घ्यावीत, हा मध्यम मार्ग होऊ शकेल. विहिरीचे पाणी वाटून घेणे ही शिडी कोठपर्यंत न्यावी आणि हुंडा मागणे हा साप किती लांब असावा, यावर वर्गात होणारा वाद हाच त्या खेळाचा पहिला डाव ठरेल.

गंजिफा

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. हा खेळ इराणमार्गे भारतात आला आणि बाबराच्या आठवणींत १५२७ च्या सुमारास त्याचा उल्लेख येतो. मोगली संचात आठ रंगांचे शहाण्णव पत्ते असतात. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा, म्हणजे एकूण एकशे वीस पत्ते होतात. साधारणपणे तिघे खेळतात आणि प्रत्येकाला चाळीस पत्ते येतात. हुकूम नसतो. निम्म्या रंगांत दहा हा आकडा मोठा, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा असतो. दिवसा रामाच्या आणि रात्री कृष्णाच्या राजापासून डाव सुरू करण्याचा प्रघात आहे. कोणते पत्ते खेळून झाले हे अखेरपर्यंत लक्षात ठेवावे लागते. म्हणून तो स्मरणशक्तीचा खेळ मानला जातो.

महाराष्ट्रात त्याचे माहेर सावंतवाडी. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथील कला लयाला जाण्याच्या बेतात होती. पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेऊन शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी राजवाड्यातच काम सुरू केले. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये निवर्तल्या. राजवाड्यातील काम पुढेही सुरू राहिले. मुंबईचे कलासमीक्षक आणि संग्राहक रुडॉल्फ फॉन लायडन यांच्या अभ्यासामुळे गंजिफा जगापुढे आला. १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याचे प्रदर्शन भरले.

कारागिरीचे पुनरुज्जीवन यशस्वी झाल्याचे हे दुर्मिळ उदाहरण आहे. आणि नेमके येथेच सावध व्हावे लागते. संच विकले जातात, चौकटीत लावले जातात, आहेर म्हणून दिले जातात. डाव मात्र क्वचितच मांडला जातो. हाताने रंगवलेल्या मौल्यवान पत्त्यांवर घामेजल्या बोटांनी तीन तास खेळण्यास कोण धजावेल? खेळ परत आणायचा तर साध्या पुठ्ठ्यावर छापलेला स्वस्त संच आणि मराठीतील सोपी नियमपुस्तिका यांची जोड हवी. कारागिराचा संच दिवाणखान्यात राहील आणि छापील संच सतरंजीवर. दोहोंची स्पर्धा होण्याचे कारण नाही. उलट खेळणारा वाढला तर कारागिराचे गिऱ्हाईकही वाढेल.

वाघ-शेळी

दोन विषम पक्षांचा हा खेळ साऱ्या दक्षिण आशियात आढळतो. एका प्रसिद्ध प्रकारात पंचवीस बिंदूंच्या चौकोनी पटावर चार वाघ आणि वीस शेळ्या असतात. दक्षिणेत रूढ असलेल्या त्रिकोणी पटावर तीन वाघ आणि पंधरा शेळ्या खेळतात. वाघ शेळीवरून उडी मारून तिला खातो. शेळ्यांना मारता येत नाही, पण त्या वाघाची सर्व बाजूंनी कोंडी करू शकतात. सर्व वाघ अडले की शेळ्या जिंकल्या. फासा नसल्याने येथे नशिबाला थारा नाही. दुबळ्यांनी फळी धरली तर बलवानाला जागच्या जागी थोपवता येते, हे या पटाचे सूत्र कोणत्याही काळात जुने होणार नाही.

खडे आणि कोळशाने आखलेल्या रेघा एवढे साहित्य पुरते. दोघेच लागतात आणि डाव पाव तासात संपतो. संगणकालाही हा खेळ सहज शिकवता येतो. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठात २०१८ ते २०२३ या काळात चाललेल्या प्रकल्पात जगभरच्या हजारावर पारंपरिक खेळांचे नियम संगणकीय रूपात नोंदवले गेले. चेन्नईत विनिता सिद्धार्थ यांची ‘क्रीडा’ आणि म्हैसूरमध्ये ‘रामसन्स कला प्रतिष्ठान’ या संस्थांनी दक्षिणेतील पट पुन्हा बाजारात आणले आहेत. वाघ-शेळीचे पुनरागमन तेथे झालेलेच आहे. मराठवाड्यातील शाळांत ते होण्यास फारशी अडचण दिसत नाही.

असई : न मांडलेला पट

शेवटचा पट जुना खेळ नव्हे, पण जालना जिल्ह्याचा स्वतःचा म्हणावा असा आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असई गावाजवळ दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या सैन्याची आर्थर वेलस्लीच्या फौजेशी लढाई झाली. तत्पूर्वी २ सप्टेंबरला जालन्याचा किल्ला कर्नल स्टीव्हन्सनने घेतला होता. २१ तारखेला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांची बदनापूर येथे भेट होऊन दोन वाटांनी चाल करण्याचे ठरले. प्रत्यक्षात शत्रू अपेक्षेहून जवळ निघाला आणि स्टीव्हन्सनची वाट न पाहता वेलस्लीने नदी ओलांडली. मराठी तोफखान्याने त्याच्या सैन्याची जबर हानी केली. मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून आकडा दीड हजारांवर गेला. अखेर मैदान आणि नव्वदहून अधिक तोफा इंग्रजांच्या हाती आल्या.

भूमिकाखेळांचा जन्म युद्धखेळांतून झाला, हे येथे ध्यानात घ्यावे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ मध्ये राईसवित्झचा नकाशावरचा युद्धखेळ रूढ झाला आणि त्यातील पंच हाच पुढे भूमिकाखेळातील सूत्रधार झाला. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये खेळण्यातील सैनिकांसाठी नियम लिहिले. गायगॅक्स आणि आर्नेसन हे दोघेही युद्धखेळांच्या छंदातूनच आले होते. सूक्ष्म सैनिकांच्या साहाय्याने ऐतिहासिक लढाया मांडणाऱ्या ब्रिटिश छांदिष्टांमध्ये असई हा लोकप्रिय प्रसंग आहे. बर्नार्ड कॉर्नवेल यांच्या १९९८ मधील ‘शार्प्स ट्रायम्फ’ या कादंबरीनेही त्याला वाचक मिळवून दिले. ज्या नदीचा उतार वेलस्लीने शोधला, तो परदेशातील टेबलांवर वारंवार ओलांडला जातो. त्या नदीकाठी राहणाऱ्या मुलांना मात्र असा खेळ असतो, हेही सहसा ठाऊक नसते.

त्या पटावर शिंद्यांचा पक्ष नेहमी ‘समोरचा’ असतो. तोफा सोडून न हटलेल्या गोलंदाजांची बाजू, शिंद्यांच्या कंपूंवरील परदेशी सेनानींचे वर्तन, सैन्याच्या वाटेत आलेल्या गावांची अवस्था यांतून भूमिकाखेळाला पुरेल एवढे जग उभे राहते. ते मराठीतून कोणी उभे केले, तर जालन्याच्या नावावर एक नवा पट जमा होईल.

शक्यतेचा क्रम

एकंदर विचार करता चौकाबारा मेलेलाच नाही, त्याचे नियम तेवढे टिपून घ्यावयाचे आहेत. मोक्षपट आणि वाघ-शेळी हे शाळांच्या मार्गाने सर्वांत आधी परततील. सारीपाटाला आटोपशीर रूप आणि चार जणांची हौशी मंडळी मिळाली, तर तो त्यांच्या मागोमाग येईल. गंजिफा कला म्हणून सुरक्षित, खेळ म्हणून संकटात आहे. असईचा पट अद्याप कोणी आखलेला नाही.

या सर्वांत तातडीचे काम चौकाबाऱ्याच्या नोंदीचे आहे. त्यासाठी अनुदान, समिती किंवा संग्रहालय यांची वाट पाहण्याचे कारण नाही. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, जालना, बदनापूर, भोकरदन आणि जाफराबाद या आठही तालुक्यांतील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील आजीसमोर वही घेऊन बसावे. खेळाचे स्थानिक नाव, घरांची संख्या, पहिली सोंगटी केव्हा बसते, कोणत्या दानाला पुन्हा खेळावयास मिळते, आतील फेरीत कधी जाता येते, जोडीला कोण मारू शकते आणि वाद झाला तर कोणाचे ऐकले जाते, एवढी सात उत्तरे लिहून घ्यावीत. वहीवर गावाचे नाव आणि तारीख घालावी. ही उत्तरे पुरी होण्यासाठी एक-दोन डाव खेळून पाहावे लागतील. चिंचोके फोडून जवळ ठेवलेले बरे.